इंग्रजी नावांच्या यादीतला कॅपिटल-स्मॉलचा गोंधळ कसा आवरायचा: एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कसाठी पायरीवार मार्गदर्शक

चार जणांनी मिळून भरलेल्या कोणत्याही शीटमध्ये इंग्रजी नावं चार तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. एकाने सगळं कॅपिटलमध्ये टाइप केलेलं असतं, दुसऱ्याने सगळं स्मॉलमध्ये. तिसऱ्याचं कॅप्स लॉक मध्येच चालू झालेलं असतं, आणि चौथ्याचं बरोबर असतं. शाळेची पटयादी असो, सोसायटीच्या सभासदांची यादी असो की दुकानाचं ग्राहकांचं रजिस्टर, कथा तीच.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण स्प्रेडशीटमधल्या काही फंक्शनना कॅपिटल आणि स्मॉल यांतला फरक दिसतो, काहींना अजिबात दिसत नाही. कोणतं फंक्शन कुठल्या बाजूचं, हे माहीत नसेल तर बेरीज चुकते, शोध भलत्याच ओळीवर जातो, आणि शीट एकही एरर दाखवत नाही. म्हणून या लेखात फॉर्म्युल्यांइतकाच भर त्या फरकावर दिला आहे.

लेख कसा वाचायचा, तेवढं आधी बघा. इथे फंक्शनची नावं, सेलचे पत्ते आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये ते सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा. फंक्शनचं नाव स्मॉलमध्ये टाइप केलं तरी चालतं, एक्सेल ते स्वतःच कॅपिटल करून घेतं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मूळ फाइलची वेगळी प्रत. नुसतं अनडूवर विसंबू नका.
- डेटाच्या उजवीकडे दोन-तीन रिकामे कॉलम, मधल्या कामासाठी.
- तुमची आवृत्ती कोणती ते. एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एकच फॉर्म्युला आपोआप खालपर्यंत पसरतो. एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत तसं होत नाही.
- नाव नेमकं कसं हवं याचा पुरावा, म्हणजे आधार, पॅन, बँक पासबुक किंवा दाखला, यांपैकी ज्याच्याशी यादी जुळवायची आहे ते.

१. फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी प्रत्येक कॉलमचा निर्णय घ्या

सगळ्या शीटवर एकच उपाय चालवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कॉलमचे तीन गट करा.

पहिला गट कायम कॅपिटल असणाऱ्यांचा. पॅन १० अक्षरांचा, बँक शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, जीएसटीआयएन म्हणजे जीएसटी नोंदणीचा क्रमांक १५ अक्षरांचा आणि गाडीचा नंबर, हे सगळे कॅपिटलमध्येच ठेवायचे.

दुसरा गट वाचायला नीट दिसावेत अशा गोष्टींचा. माणसांची नावं, पत्ते, गावं. इथे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं असतं. ईमेल मात्र सरसकट स्मॉलमध्ये ठेवा. डोमेनच्या भागात कॅपिटल-स्मॉलने काहीच फरक पडत नाही, आणि त्याआधीच्या भागातही प्रचलित ईमेल सेवा फरक करत नाहीत.

तिसऱ्या गटाला हातच लावायचा नाही. यूट्यूब व्हिडिओचा ११ अक्षरी आयडी, गूगल ड्राइव्हच्या फाइलची लिंक, छोट्या केलेल्या लिंक, पासवर्ड, कूपन कोड. यांत कॅपिटल आणि स्मॉल ही वेगवेगळी अक्षरं आहेत. एकदा सगळं स्मॉल केलं की मूळ लिंक परत मिळवायला कोणताही फॉर्म्युला नाही. मोजमापाची एककंही याच गटातली. मिलिवॉट लिहिताना एम स्मॉल असतो आणि मेगावॉट लिहिताना कॅपिटल, आणि त्या दोघांत १०० कोटी पटींचा फरक आहे.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही. त्यामुळे नावांच्या कॉलममध्ये काही नावं मराठीत आणि काही इंग्रजीत असली तरी खालचे फॉर्म्युले बिनधास्त चालवा, मराठी नावं जशीच्या तशी राहतात.

२. आधी रिकाम्या जागा काढा

नावाच्या शेवटी राहिलेली एक स्पेस डोळ्यांना दिसत नाही, पण तुलना करणाऱ्या फॉर्म्युल्याला ती दिसते. अक्षरं सारखी असूनही जुळत नाहीत असं झालं की पहिला संशय हिच्यावर घ्या.

=ट्रिम(ए२)

ट्रिम पुढच्या आणि मागच्या स्पेस काढतो, आणि शब्दांच्या मध्ये एकापेक्षा जास्त असतील तर एकच ठेवतो. पण वेबसाइटवरून किंवा पोर्टलवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळी स्पेस येते, तिचा क्रमांक १६०. ती ट्रिमला निघत नाही. तिच्यासाठी सी, एच, ए, आर या चार अक्षरांचं फंक्शन वापरायचं. खाली ते कॅर असं लिहिलं आहे:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०)," "))

खात्री करायची असेल तर शेजारच्या सेलमध्ये =लेन(ए२) लिहा. नावात १२ अक्षरं मोजलीत आणि उत्तर १३ आलं, तर एक लपलेलं अक्षर आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ए२ म्हणजे ही सफाई झालेला सेल असं समजा.

३. तीन मूळ फंक्शन

=अप्पर(ए२) सगळं कॅपिटल करतं.
=लोअर(ए२) सगळं स्मॉल करतं.
=प्रॉपर(ए२) प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल करतं.

फॉर्म्युला शेजारच्या कॉलममध्ये लिहा, त्याच सेलमध्ये नाही. ए२ मध्ये बसून ए२ चाच उल्लेख केलात तर सर्क्युलर रेफरन्सची सूचना येते आणि तिथला मूळ मजकूरही जातो.

खालपर्यंत भरायला सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर डबल क्लिक करा. नवीन एक्सेलमध्ये =अप्पर(ए२:ए५००) एवढं लिहिलं तरी पुरतं. खाली आधीच काही लिहिलेलं असेल तर #स्पिल! येतं, ती जागा रिकामी करा. गूगल शीट्समध्ये =अ‍ॅरेफॉर्म्युला(अप्पर(ए२:ए५००)) असं लिहा.

वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ३ दाबून अक्षरं बदलायची सवय असलेले इथेही तेच करून बघतात. एक्सेलमध्ये त्या कळांनी फंक्शन निवडायची खिडकी उघडते. एक्सेलमध्ये अक्षरं बदलायचं तयार बटण नाही. फॉन्टवरही जाऊ नका. काही फॉन्टमध्ये स्मॉल अक्षरं कॅपिटलसारखी दिसतात, पण सेलमधला मजकूर स्मॉलच राहतो.

४. प्रॉपर कुठे फसतं

नावांच्या यादीसाठी सगळे प्रॉपर वापरतात आणि नव्वद टक्के नावं बरोबर झाल्यावर तपासायचं थांबतात. उरलेली नावंच त्रास देतात. प्रॉपरचा नियम सरळ आहे. अक्षराच्या आधी अक्षर नसेल, म्हणजे स्पेस, टिंब, आकडा, आडवी रेघ किंवा अपॉस्ट्रॉफी असेल, तर ते कॅपिटल करायचं. बाकी सगळं स्मॉल. त्याला शब्दाचा अर्थ कळत नाही.

या नियमाने काही गोष्टी छान होतात. गोव्यातलं डिसोझा किंवा डिमेलो हे आडनाव अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेलं असेल तर डी आणि त्यापुढचं अक्षर, दोन्ही कॅपिटल होतात, आणि तसंच हवं असतं. जोडआडनावात आडवी रेघ असेल तर दोन्ही आडनावं नीट उठतात. टिंबं देऊन लिहिलेली आद्याक्षरंही बरोबर येतात.

बिघडतं ते असं:

- एमआयडीसी, म्हाडा, सिडको, आयटीआय अशी संक्षिप्त नावं टिंबांशिवाय लिहिली असतील तर फक्त पहिलं अक्षर कॅपिटल राहतं.
- रोमन आकडे. वॉर्ड क्रमांक दोन रोमन आकड्यांत लिहिला असेल तर एक आय कॅपिटल, दुसरा स्मॉल.
- पत्त्यातला फर्स्ट फ्लोअर, सेकंड फ्लोअर. आकडा आणि त्यापुढे दोन अक्षरं असं लिहिलं असेल, तर आकड्यानंतरचं अक्षर उगाच कॅपिटल होतं.
- विमेन्स कॉलेजसारख्या नावात अपॉस्ट्रॉफीनंतरचा एस कॅपिटल होतो.
- मॅकडोनाल्डसारखी नावं, ज्यात मधलं अक्षर कॅपिटल असतं. ते स्मॉल होतं.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे दुरुस्तीचा छोटा तक्ता. एच कॉलममध्ये प्रॉपरने बिघडवलेलं रूप लिहा, आय कॉलममध्ये बरोबर रूप. समजा एच२ मध्ये एमआयडीसीचं बिघडलेलं रूप आहे, पहिला एम कॅपिटल आणि पुढची तीन अक्षरं स्मॉल. आय२ मध्ये चारही कॅपिटल. मग फॉर्म्युला:

=सबस्टिट्यूट(प्रॉपर(ए२),$एच$२,$आय$२)

इथे दोन सापळे आहेत. पहिला: सबस्टिट्यूटला कॅपिटल-स्मॉलचा फरक दिसतो. एच२ मध्ये तुम्ही सगळं कॅपिटल लिहून ठेवलंत तर काहीच बदलणार नाही आणि एररही येणार नाही. तिथे प्रॉपर झाल्यानंतरचं रूपच हवं.

दुसरा सापळा जास्त वाईट आहे. आयटीआयचं बिघडलेलं रूप, म्हणजे कॅपिटल आय आणि मागे स्मॉल टी-आय, हे इंग्रजीत लिहिलेल्या इतिहास या शब्दाच्या सुरुवातीलाही असतं. म्हणजे ‘इतिहास संशोधन मंडळ’ असं नाव यादीत असेल तर त्याची पहिली तीन अक्षरं कॅपिटल होऊन बसतील. म्हणून शोध पूर्ण शब्दाचाच करा. दोन्ही बाजूंना स्पेस लावायची आणि शेवटी ट्रिमने काढायची:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(" "&प्रॉपर(ए२)&" "," "&$एच$२&" "," "&$आय$२&" "))

शब्दाला चिकटून स्वल्पविराम असेल तर हा फॉर्म्युला तो शब्द सोडून देतो. पत्त्यांमध्ये हे हमखास घडतं. तिथे तक्त्यात स्वल्पविरामासकट आणखी एक ओळ घाला. फ्लोअरच्या आकड्यांसाठी मात्र आकड्याआधीची स्पेस लावू नका, फक्त शेवटची लावा. नाहीतर एकविसावा मजला राहून जाईल.

असे शब्द चार-पाच असतील तर एका सबस्टिट्यूटच्या आत दुसरा बसवत जा. त्याहून जास्त असतील तर सगळं एकात कोंबण्यापेक्षा प्रत्येक कॉलममध्ये दोन-तीन शब्द दुरुस्त करत पुढे न्या. लांबच लांब फॉर्म्युल्यातली एक चुकलेली कंसाची जागा शोधण्यात जाणारा वेळ यात वाचतो.

५. आडनाव कॅपिटल, बाकी नाव साधं

आपल्याकडच्या बऱ्याच याद्यांत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. आडनाव ठळक दिसावं म्हणून ते पूर्ण कॅपिटल हवं असेल तर:

=अप्पर(लेफ्ट(ए२,फाइंड(" ",ए२&" ")-१))&प्रॉपर(मिड(ए२,फाइंड(" ",ए२&" "),लेन(ए२)))

फाइंड पहिली स्पेस कुठे आहे ते सांगतो. तिच्या डावीकडचं सगळं कॅपिटल, उजवीकडचं प्रॉपर. ए२ नंतर जोडलेली स्पेस वगळू नका. काही जण एकच नाव लिहितात, त्यात स्पेस नसते, आणि मग फाइंडकडून #व्हॅल्यू! येतं. ती जोडलेली स्पेस हे टाळते. आडनावच दोन शब्दांचं असेल तर हा फॉर्म्युला पहिलाच शब्द कॅपिटल करेल. अशा ओळी हातानेच बघाव्या लागतात.

शेरा किंवा तक्रारीच्या कॉलममध्ये वाक्य असतं, तिथे फक्त पहिलं अक्षर कॅपिटल हवं. त्यासाठी वेगळं फंक्शन नाही, पण हे चालतं:

=रिप्लेस(लोअर(ए२),१,१,अप्पर(लेफ्ट(ए२,१)))

यात वाक्यातली विशेषनावंही स्मॉल होतात, आणि एका सेलमध्ये दोन वाक्यं असतील तर दुसऱ्याचं पहिलं अक्षर स्मॉलच राहतं.

६. आकडे आणि तारखा यांपासून दूर राहा

अप्पर, लोअर, प्रॉपर यांचं उत्तर नेहमी मजकूर असतं. आकड्यांच्या कॉलमवरून चुकून फॉर्म्युला ओढला तर रक्कम दिसते तशीच, पण ती आता मजकूर झालेली असते आणि सम तिला मोजत नाही. सेलच्या डाव्या बाजूला सरकलेला आकडा ही त्याची खूण.

तारखेचं तर आणखी वेगळं. एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवतं, म्हणून १ जानेवारी २०२४ वर अप्पर लावलं की ४५२९२ दिसतं. महिना कॅपिटलमध्ये हवा असेल तर आधी तारखेचं मजकुरात रूपांतर करा:

=अप्पर(टेक्स्ट(ए२,"डीडी-एमएमएम-वायवायवायवाय"))

अवतरणातली अक्षरं म्हणजे दोन डी, तीन एम, चार वाय. ही तारीख फक्त छापण्यासाठी. दिवस मोजायला मूळ कॉलमच वापरा.

७. पॅन, आयएफएससी आणि जीएसटीआयएनची तपासणी

अक्षरं कॅपिटल केली की कोड बरोबर झाला असं नाही. पॅनमध्ये आधी ५ अक्षरं, मग ४ आकडे, मग १ अक्षर. लांबी आणि कॅपिटल दोन्ही एकदम तपासायला:

=अँड(लेन(बी२)=१०,एक्झॅक्ट(बी२,अप्पर(बी२)))

ट्रू आलं म्हणजे लांबी ठीक आणि एकही स्मॉल अक्षर नाही. इथे बी२=अप्पर(बी२) असं लिहू नका. का ते पुढच्या पायरीत येईल.

आयएफएससीचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं आणि तिथेच लोक इंग्रजी ओ टाइप करतात. स्मॉल ओ असेल तर निदान नजरेला खटकतो. अप्पर लावल्यावर तो कॅपिटल ओ होऊन शून्यासारखाच दिसायला लागतो, म्हणजे चूक आणखी लपते. म्हणून ही तपासणी वेगळी करा:

=मिड(डी२,५,१)="०"

शून्याभोवतीची अवतरणं महत्त्वाची. मिडचं उत्तर मजकूर असतं. अवतरण न देता लिहिलंत तर बरोबर कोडलाही फॉल्स येईल.

जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. त्यापुढची १० अक्षरं म्हणजे पॅन. शेजारी पॅनचा कॉलम असेल तर =एक्झॅक्ट(मिड(सी२,३,१०),बी२) एवढ्याने दोन्ही जुळतात का ते कळतं.

गाडीचे नंबर स्पेस आणि रेघा काढून एकसारखे करा:

=अप्पर(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(ए२," ",""),"-",""))

८. कुणाला फरक दिसतो, कुणाला नाही

हा भाग कागदावर उतरवून टेबलाशी लावून ठेवावा असा आहे.

एक्सेलमध्ये फरक न दिसणारे: बरोबरचं चिन्ह, इफच्या आत केलेली बरोबरची तुलना, व्हीलुकअप, एक्सलुकअप, मॅच, काउंटइफ, समइफ, सर्च, युनिक, डुप्लिकेट काढायचं बटण आणि डुप्लिकेट रंगवणारं कंडिशनल फॉरमॅटिंग.

फरक दिसणारे: एक्झॅक्ट, फाइंड आणि सबस्टिट्यूट. अक्षराचा क्रमांक देणारं कोड हे फंक्शनही याच बाजूचं, कारण कॅपिटल एचा क्रमांक ६५ आहे आणि स्मॉलचा ९७.

म्हणजे ए२=अप्पर(ए२) याचं उत्तर मजकूर कसाही असला तरी ट्रूच येणार. तपासणी म्हणून ती निरुपयोगी आहे. तिथे एक्झॅक्टच हवं.

याची चांगली बाजूही आहे. नुसतं व्हीलुकअप करायचं असेल तर दोन्ही याद्या आधी कॅपिटल करत बसायची गरज नाही. व्हीलुकअप जुळत नसेल तर कारण बहुतेक वेळा स्पेस असतं, कॅपिटल-स्मॉल नव्हे.

पत्त्यात पुणे आहे का ते शोधायचं असेल तर सर्च वापरा, फाइंड नाही. फाइंड फक्त तुम्ही लिहिलेलं रूपच पकडेल आणि बाकीचे पुणेकर यादीतून निसटतील. उलट, एककं किंवा कोड शोधताना फाइंड वापरा.

९. फरक पाळून शोध, मोजणी आणि बेरीज

यूट्यूब आयडींच्या यादीत दोन आयडी फक्त एका अक्षराच्या कॅपिटल-स्मॉलने वेगळे असतील, तर व्हीलुकअप जो आधी सापडेल तोच देतो. नेमका हवा असेल तर, एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये:

=एक्सलुकअप(ट्रू,एक्झॅक्ट(डी२,ए$२:ए$५००),बी$२:बी$५००)

एक्झॅक्ट प्रत्येक ओळ तपासून ट्रू-फॉल्सची यादी बनवतो आणि एक्सलुकअप तिच्यातला पहिला ट्रू शोधतो. जुन्या आवृत्तीत:

=इंडेक्स(बी$२:बी$५००,मॅच(ट्रू,एक्झॅक्ट(डी२,ए$२:ए$५००),०))

हा लिहून नुसतं एंटर नाही, कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा. फॉर्म्युल्याभोवती महिरपी कंस दिसले म्हणजे जमलं. कंस हाताने टाइप करू नका.

मोजणीसाठी:

=समप्रॉडक्ट(--एक्झॅक्ट(डी२,ए$२:ए$५००))

दोन वजा चिन्हं ट्रू-फॉल्सचे १ आणि ० करतात. ती विसरलात तर उत्तर ० येतं.

बेरजेसाठी, बी कॉलममध्ये एककं, सी कॉलममध्ये आकडे आणि डी२ मध्ये मेगावॉटचं नेमकं रूप असेल तर:

=समप्रॉडक्ट(--एक्झॅक्ट(डी२,बी$२:बी$५००),सी$२:सी$५००)

इथे समइफ वापरलं असतं तर मिलिवॉटच्या ओळीही मेगावॉटमध्ये मिसळल्या असत्या. विजेच्या सामानाच्या किंवा प्रयोगशाळेच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी तपासून बघावी.

१०. गूगल शीट्स आणि कॅल्कमध्ये काय वेगळं आहे

गूगल शीट्समध्ये बरोबरचं चिन्ह, व्हीलुकअप आणि काउंटइफ एक्सेलसारखेच वागतात. पण युनिकला तिथे फरक दिसतो. एकाच गावाची तीन रूपं असतील तर तीन ओळी मिळतात. त्यामुळे युनिकच्या आतच प्रॉपर लावा आणि सगळ्याला बाहेरून अ‍ॅरेफॉर्म्युला लावा. गंमत अशी की मेनूमधून डुप्लिकेट काढायला गेलात तर तिथे फरक धरला जात नाही.

क्वेरीला आणि रेजेक्समॅचलाही फरक दिसतो. क्वेरीत तुलना करताना कॉलमभोवती लोअर लावा आणि शोधायचा शब्दही स्मॉलमध्येच लिहा. क्वेरीच्या वाक्यात कॉलमची अक्षरं मात्र कॅपिटलच लागतात. स्मॉल बी लिहिलंत तर तो कॉलमच नाही असं सांगून ती थांबते.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये बरोबरच्या चिन्हाचं वागणं सेटिंगवर अवलंबून आहे. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट इथे केस सेन्सिटिव्ह असा चौकोन आहे. तो टिकलेला असेल तर कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरले जातात. फाइल पुढे एक्सेलमध्ये जाणार असेल तर ती टिक काढा, नाहीतर एकाच शीटची दोन ठिकाणी दोन उत्तरं येतील. कॅल्कची सोय म्हणजे फॉरमॅट मेनूतल्या टेक्स्टमध्ये अक्षरं थेट बदलता येतात, मधला कॉलम लागत नाही.

११. उत्तरं पक्की करा आणि मगच मूळ कॉलम काढा

मधल्या कॉलमची कॉपी घ्या आणि मूळ कॉलमवर फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. एक्सेलमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही दाबून खिडकीत व्हॅल्यूज निवडा. गूगल शीट्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. व्हॅल्यू पेस्ट करण्याआधी मूळ कॉलम डिलीट केलात तर सगळीकडे #रेफ! दिसेल. तसं झालं तर लगेच कंट्रोल आणि झेड.

एक्सेल २०१३ पासून फ्लॅश फिलही आहे. शेजारच्या सेलमध्ये एक-दोन नावं हवी तशी टाइप करा आणि कंट्रोल-ई दाबा, बाकीची तो अंदाजाने भरतो. पन्नास नावांच्या यादीला ठीक. पण तो अंदाज आहे, फॉर्म्युला नाही. मूळ नाव नंतर बदललं तरी त्याचं उत्तर बदलत नाही, आणि वेगळ्या धाटणीच्या नावांवर तो चुकतो.

१२. पुढच्या वेळी चुकीचं भरलंच जाऊ नये म्हणून

पॅनचा कॉलम बी२ पासून खाली निवडा. डेटा मेनूतून डेटा व्हॅलिडेशन, मग कस्टम, आणि सातव्या पायरीतला अँडचा फॉर्म्युला तिथे टाका. गूगल शीट्समध्येही हाच फॉर्म्युला कस्टम फॉर्म्युला या पर्यायात चालतो, फक्त चुकीची नोंद नाकारायचा पर्याय निवडायला विसरू नका.

यादीतून निवड द्यायची असेल, तर एक्सेलमध्ये यादी कशी दिली यावर वागणूक बदलते. पर्याय त्या खिडकीतच स्वल्पविरामांनी टाइप केले तर कॅपिटल-स्मॉल तंतोतंत जुळावं लागतं. पर्याय सेलमध्ये लिहून त्या सेलची रेंज दिली तर स्मॉलमध्ये टाइप केलेलंही स्वीकारलं जातं. एकसारखेपणा हवा असेल तर पहिली पद्धत घ्या.

एक्सेलची ऑटोकरेक्ट सोयही तपासा. सुरुवातीची दोन अक्षरं कॅपिटल आणि पुढचं स्मॉल असं काही टाइप केलं की ती दुसरं अक्षर स्मॉल करते. नावांसाठी हे उपयोगी, कोडसाठी घातक. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे करेक्ट टू इनिशियल कॅपिटल्स ही टिक काढली की थांबतं.

व्हॅलिडेशन फक्त टाइप करताना अडवतं, पेस्ट करताना नाही. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली यादी उचलून पेस्ट केली तर सगळं आत येतं, आणि बऱ्याचदा तो नियमही पुसला जातो. नियम शाबूत असेल तर एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशनच्या खालच्या मेनूतलं सर्कल इन्व्हॅलिड डेटा चालवा, चुकीच्या सेलभोवती लाल वर्तुळं येतात. नियम पुसला गेला असेल तर वर्तुळं येणार नाहीत. म्हणून अँडचा तोच फॉर्म्युला शेजारच्या एका कॉलममध्ये कायमचा ठेवा आणि यादी पुढे पाठवण्याआधी त्या कॉलममध्ये एकही फॉल्स उरला नाही ना, ते फिल्टर लावून बघा.